बियांच्या पोत्यात हात

फोंडा,
12 एप्रिल

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, नव्या कारखान्यासाठी एक्सेलमध्ये पहिली आलेली जागा मला पटत नाही आणि पटते ती तिसरी आलीय. बोर्डासमोर 'मला असं वाटतं' म्हणू कशी?" मी 'बघ तुझं तू' म्हणून फोन आईकडे दिला. राग मानू नकोस. ते बोलणं दोन मिनिटांत उरकणारं नव्हतं.

आमचा काजूचा शेट तुला आठवत असेल. मार्च उजाडला की सत्तरी तालुक्यातून बिया यायच्या. शेट पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातल्या बिया वर काढायचा, मुठीत खुळखुळवून कानाशी न्यायचा आणि भाव सांगून मोकळा. मी तेव्हा नवा हिशेबनीस, अंगात बी.कॉम.चा माज. म्हटलं, कापून बघू. किलोभर बिया मोजल्या, एकेक कापली, किडकी-सुरकुतलेली बाजूला काढली, चांगला गर तोलला. तासभर गेला. शेटचा अंदाज जवळजवळ तंतोतंत निघाला. तेवढ्या वेळात दुसऱ्या गाडीतला माल शेजारचा व्यापारी घेऊन गेला, ते वेगळंच.

याला मी बरीच वर्षं दैवी देणगी समजत होतो. पुढे हर्बर्ट सायमन वाचले. अर्थशास्त्राचं 1978 चं नोबेल त्यांना मिळालं ते संस्थांमध्ये निर्णय कसे होतात याच्या अभ्यासाबद्दल. त्यांच्या मते अशा अंदाजात जादू काही नसते, पूर्वी हजार वेळा केलेला हिशेबच सवयीत मुरलेला असतो. बुद्धिबळातला मुरलेला खेळाडू पट बघताच चाल ओळखतो, तसंच. शेटच्या हातात तीस हंगाम होते. शिवाय प्रत्येक चूक काही महिन्यांत त्याच्यासमोर यायची: बी भाजून, फोडून, सोलून झाली की गर किती उतरला ते वहीत. वही मीच लिहायचो.

हे दुसरं महत्त्वाचं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांच्या झटपट निर्णयांचा अभ्यास केला होता, तर डॅनियल कानेमन यांचं आयुष्य माणसांच्या ठाम चुका गोळा करण्यात गेलं. एक अंतर्मनाचा वकील, दुसरा फिर्यादी. दोघांनी मिळून 2009 मध्ये एक लेख लिहिला आणि बऱ्याच गोष्टींवर त्यांचं एकमत झालं. मनाचा कौल मानायचा तर त्या कामात काही नियम हवा आणि तो शिकायला चुका वेळेवर दिसायला हव्यात. आतून वाटणारी खात्री हा पुरावा नव्हे.

शेटला हे न वाचता कळत होतं. आफ्रिकेची बी यायला लागली तेव्हा पहिली दोन वर्षं त्याने पोत्यात हात घातलाच नाही. "ही बी माझ्या ओळखीची नाही, काप," म्हणायचा.

पण तोच शेट 2011 मध्ये मला म्हणाला, "ट्रक घे मरे, माती खंय सोंपता!" आवाज तोच, बियांचा भाव सांगतानाचा. माती म्हणजे खाणीतलं खनिज, ते कुठलं संपतंय! ते वाहायला तुझ्या मामाबरोबर मी टिपर घेतला. वहीत खेपा, डिझेल, टायर, ड्रायव्हर, हप्ता सगळं मांडलं, कर्ज चार वर्षांत फिटत होतं. ग्रामदेवतेला प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीवर पाकळ्या लावून कौल मागितला, उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. (पाकळ्यांना मी दोष देत नाही. 'ट्रक घेऊ का' एवढंच विचारलं होतं, खाण चालेल का हे विचारलंच नव्हतं.) सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ट्रक अंगणात, पावसात. तुझ्या कॉलेजची पहिली फी आईच्या पाटल्यांची होती, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

तेव्हा आकड्यांनाही मी साधूसंत मानत नाही. कोका-कोलाने 1985 मध्ये नवी चव आणण्याआधी जवळजवळ दोन लाख लोकांना चाखवून बघितलं. नवी जिंकली. तीन महिन्यांच्या आत जुनी परत आणावी लागली, कारण चाखणाऱ्याला चव विचारली होती, जुनी बाटली कायमची गेली तर काय वाटेल ते नाही. माझ्या वहीतही प्रत्येक बेरीज बरोबर होती.

आता तुझं. पुरवठादार आणि माणसं तू दहा वर्षं पारखतेस, कारखान्याची जागा पहिल्यांदाच. म्हणून आधी शोध, नेमकं काय खुपतंय. जमीनमालकाचं बोलणं खुपत असेल तर बोर्डात बेधडक सांग, तो तुझा पोत्यातला हात आहे. पण तिथलं पाणी, वीज, कामगार, पुढची पाच वर्षं यांबद्दल वाटत असेल, तर तुझ्या मनाने असं काही बघितलेलंच नाही. दोन दिवस तिथे राहून ये. जमलं तर पावसात, गोव्याच्या माणसाला हे सांगायला नको.

आणि क्लाइन यांचीच एक युक्ती कर. सहकाऱ्यांना सांग, तीन वर्षं झाली आणि हा कारखाना बुडाला असं धरा, का बुडाला ते प्रत्येकाने वेगवेगळं लिहा. साहेबांसमोर शंका काढायला लोक लाजतात, बुडण्याचं कारण लिहायला मात्र लाजत नाहीत. मी 2011 मध्ये असा कागद लिहिला असता तर खाणबंदी त्यावर आली असती असं वाटतं. बेकायदा खाणींच्या चौकशीसाठी शहा आयोग 2010 मध्येच नेमला होता. पेपरात येत होतं, चहाबरोबर मी वाचत होतो. वहीत त्याला रकाना नव्हता.

रात्रीच्या बसने ओले काजूगर पाठवतोय, सकाळी उतरवून घे. आईने सोलून दिलेत, चिकाने बोटं काळी झालीत तिची. तिला फोन कर, मला नंतर.

तुझा,
बाबा