खूण नसलेली तार आणि वैमानिकाची चूक

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हवाई फवारणीच्या विमानांच्या अपघातांवरील लेख कालच्या अंकात वाचला. बहुतेक अपघातांचे खापर वैमानिकावर फोडून लेखकाने विषय संपवला, हे मुळीच पटले नाही. पिकाच्या शेंड्यांवरून जेमतेम दहा-बारा फुटांवर, ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने, औषधाची भरलेली टाकी घेऊन जायचे आणि शेताच्या टोकाला वर उठून, वळून पुन्हा खाली यायचे, हे ज्याचे रोजचे काम आहे त्याला चुकायला जागाच नसते. 60 अंशांच्या तिरप्या वळणात विमानावरचा भार दुप्पट होतो आणि हवेत टिकून राहण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो; तेथे जरा गडबड झाली तर सावरायला उंची उरलेली नसते. विजेच्या तारांची गोष्ट तर याहून वाईट आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अभ्यासलेल्या तारेच्या अपघातांत निम्म्याहून अधिक वैमानिकांना ती तार तेथे आहे हे आधीपासून ठाऊक होते. तेव्हा तारेवर ठळक खूण का नव्हती, हा प्रश्न लेखात पहिल्यांदा यायला हवा होता.

गेल्या मोहोराच्या वेळी आमच्या शेजारच्या बागेत तुडतुडे या किडीसाठी ड्रोनने फवारणी चालू होती. बाग उतारावरची, कलमे उंच-सखल आणि तौक्ते वादळानंतर घाईघाईत उभे केलेले खांब तेव्हापासून कललेले, त्यामुळे तारेला झोळ पडून ती थेट कलमांच्या शेंड्यांत आली आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात ती ना ड्रोन चालवणाऱ्या मुलाला दिसली, ना खाली उभ्या असलेल्या गड्यांना. पाते तारेला लागले, ड्रोन गडग्यावर आपटला, टाकी फुटली आणि औषध जांभ्या दगडाच्या भेगांतून आमच्या विहिरीच्या अंगाला उतरले. विहीर उपसून होईपर्यंत घरातल्या बायकांना वरच्या वाडीतून हंडे वाहावे लागले. भरपाई मात्र त्या मुलाकडे मागण्यात आली. तार ओढून घ्यावी म्हणून आम्ही पावसाळ्यापूर्वीच दिलेल्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या औषधाची लेखात एका वाक्यात बोळवण केली आहे, तीही खटकली. केरळातल्या कासारगोडच्या काजूबागांवर 2000 सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी तेथील कुटुंबे अजून भोगत आहेत. ती जमीनही आपल्यासारखीच जांभ्याची आणि तिथल्या घरांच्या विहिरीही अशाच बागेला लागून.

ड्रोनला माझा विरोध नाही. फवारणीला माणसे मिळेनाशी झाली आहेत आणि उंच कलमांवर पंपाचा फवारा पोहोचत नाही, हे मी रोज पाहतो. परंतु अनुदानाचे ड्रोन गावोगावी देण्यापूर्वी बागांवरून जाणाऱ्या तारांची पाहणी करून झोळ काढावेत, तारांवर रंगीत गोळे बसवावेत आणि विहिरीपासून किती अंतर सोडायचे ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. हे सर्व मोहोर येण्याआधी, दिवाळीपर्यंत व्हायला हवे.

आपला,
एक आंबा बागायतदार,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग