म्युलर: एका आडनावाची चक्की

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला जातोस, तर पाटीवरच्या 'म्युलर'चा अर्थ विचारावासा वाटणारच. दुसरा प्रश्न त्याहून चांगला आहे: जर्मनीत जिकडेतिकडे म्युलर भेटतात, ते सगळे एकमेकांचे भाऊबंद का? उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते का नाही यातच या आडनावाचा सगळा इतिहास आहे.

म्युलर म्हणजे चक्कीवाला. चक्की म्हणजे ओढ्यावरची, पाण्यावर फिरणारी. घरच्या हातजात्याला जर्मन लोकांचा स्वतःचा जुना शब्द होता, 'क्वीर्न'. पाणचक्की त्यांनी रोमन लोकांकडून घेतली आणि तिच्याबरोबर लॅटिन 'मोलिना' हा शब्दही घेतला. त्यावरून चक्कीवाला झाला 'मुलिनारी', पुढे 'म्युल्नेरं', आणि ल-न एकमेकांत मिसळून 'म्युलर'. काही घराण्यांत तो 'न' टिकला. ते आजही म्युल्नर लिहितात.

उच्चार असा कर: ओठ 'ऊ' म्हणताना करतोस तसे गोल, जीभ मात्र 'ई' म्हणताना असते तिथे. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरिया आणि श्वाबेनच्या बोलीत ओठ गोल करायचं सुटलं, म्हणून तिथे या नावाचं 'मिलर' झालं. म्युनिकचं डॉइचेस म्युझियम 1903 मध्ये स्थापन करणारे ऑस्कर फॉन मिलर हे अस्सल बव्हेरियन. तेव्हा 'मिलर' दिसला की तो अमेरिकेला जाऊन आलेला, असं धरू नकोस. उत्तरेकडे हेच नाव 'म्योलर' होतं, हॉलंडमध्ये 'मुल्डर'.

आता इतके म्युलर का? जर्मनीतलं हे पहिल्या क्रमांकाचं आडनाव आहे. त्याच्यामागे श्मिट (म्हणजे लोहार), श्नायडर, फिशर, वेबर. चक्कीवाले फार होते म्हणून हे झालं असं वाटतं, पण खरं कारण जवळजवळ उलटं आहे. गावात चक्कीवाला बहुधा एकच असे. आडनावं वंशपरंपरेनं चिकटू लागली ती साधारण 12व्या ते 15व्या शतकात. नाव टिकायचं तर त्यानं माणूस ओळखता आला पाहिजे. शेतकऱ्यांच्या गावात 'शेतकरी योहान' म्हणून काय कळणार? 'चक्कीवाला योहान' म्हटलं की एकच माणूस उभा राहतो. आपल्याकडच्या कुलकर्ण्यांसारखं बघ. गावाला एक कुलकर्णी, म्हणून गावोगाव कुलकर्णी, आणि या गावच्या कुलकर्ण्याचा त्या गावच्या कुलकर्ण्याशी काही संबंध असेलच असं नाही. (श्मिटची श्मिड, श्मिट्स, श्मीट अशी सगळी रूपं एकत्र मोजली तर लोहार चक्कीवाल्याच्या पुढे जातो, हे मात्र खरं.)

हा एकटेपणा कायद्यानंही जपलेला होता. जमीनदाराची चक्की असे आणि ठरलेल्या गावांनी तिथेच दळायचं असा दंडक असे. प्रशिया या जर्मन राज्यात तो 1810 मध्ये उठला. दळणाचे पैसे नसत. चक्कीवाला धान्यातूनच आपलं माप काढून घेई. अनेक ठिकाणी ते सोळावा हिस्सा असे. मापाला म्हणत 'मेत्सं', आणि बर्लिनच्या एका शेफलमध्ये, म्हणजे धान्याच्या मोठ्या मापात, सोळा मेत्सं. भांडणाचं मूळ इथंच होतं. जात्याचं तुला माहीत आहे: खालची तळी स्थिर, वरची फिरती, दोन्हींवर मधून कडेकडे जाणारे चर. चर बोथट झाले की दाणा कापला जात नाही, चिरडला जातो. पीठ तापतं आणि चिकटतं. मग वरचा दगड उलटा करून टाकी लावावी लागते. दोन दगडांत फट जास्त राहिली तर भरडा निघतो, दगड एकमेकांना टेकले तर पिठात कच येते. यात थोडं धान्य चरांत अडकतं, थोडं पीठ हवेत उडतं. घरी नेलेलं पीठ नेलेल्या धान्याइतकं कधीच भरत नाही. त्यातून चक्कीवाल्यानं आपला हिस्सा गिऱ्हाइकाच्या पाठीमागे मोजून घेतलेला. तो मापात पाप करतो, हे गावानं धरूनच चालावं!

हा संशय इतका मुरला की अनेक ठिकाणी चक्कीवाल्याच्या मुलांना कारागिरांच्या संघांत प्रवेश मिळेना. विणकर, धनगर, न्हावी, जकातदार यांच्याबरोबर चक्कीवाल्यांच्या मुलांनाही संघांनी घ्यावं, असा हुकूम 1548 मध्ये जर्मन मुलखावरच्या पवित्र रोमन साम्राज्याला काढावा लागला. आज जर्मनीत सगळ्यांत जास्त दिसणारं नाव एके काळी नीच मानलेल्या धंद्याचं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

नाव इतकं सर्वसाधारण झालं की प्रत्येक म्युलरला आपल्या नावाला काहीतरी जोडावं लागलं. 15व्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ योहानेस म्युलर आपल्या क्योनिग्सबेर्ग गावाच्या लॅटिन रूपावरून रेगिओमोंटानुस म्हणून ओळखला जातो. कवी-चित्रकार फ्रीडरिश म्युलर 'मालर म्युलर' झाला, म्हणजे चित्रकार म्युलर. 1928 ते 1930 चे चान्सलर हेर्मान म्युलर यांना फ्रांकेन या प्रदेशावरून 'म्युलर-फ्रांकेन' म्हणत. याच नावाचा एक स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ थुर्गाऊचा. 1882 मध्ये जर्मनीतल्या गाइझेनहाइमला त्यानं संकर करून काढलेल्या द्राक्षाला आजही म्युलर-थुर्गाऊ म्हणतात. त्या द्राक्षाचे आईबाप रीस्लिंग आणि सिल्वानर असं लोक कितीतरी वर्षं सांगत होते. डीएनए चाचणीत सिल्वानर खोटा ठरला आणि माडलेन रोयाल निघाली.

आपला मॅक्स म्युलर त्याच वाटेनं गेला. 1823 मध्ये डेसाऊला जन्म, वडील कवी विल्हेल्म म्युलर. इंग्लंडात स्थायिक झाल्यावर नुसतं 'म्युलर' पुरेना म्हणून त्यांनी स्वतःच्या नावातला 'मॅक्स' आडनावात ओढून घेतला. मुलगाही मॅक्स म्युलरच झाला. त्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद 1849 ते 1874 या काळात सहा खंडांत छापला. संस्कृतात स्वतःला त्यांनी 'मोक्षमूलर' म्हणवलं: चक्कीवाला थेट मोक्षाच्या मुळाशी! भारतात ते कधी आले नाहीत. पण 1897 मध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा त्यांनी ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत टिळकांना पाठवली आणि सुटकेच्या अर्जावर सहीही केली. ग्रंथालयात त्यांचं पुस्तक शोधताना 'मॅक्स म्युलर' आणि 'म्युलर, मॅक्स' अशा दोन्ही ठिकाणी बघ.

तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीला पणजोबा म्युलरचं मूळ शोधायचंय म्हणतोस. तिला सांग, गाव कळल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नकोस. नुसत्या नावावरून दोन म्युलर जोडले की वंशवृक्ष चुकलाच. नाव तीन तऱ्हांनी शोधायचं: यूवरच्या दोन टिंबांसह (Müller), टिंबांऐवजी यू-ई असं (Mueller), आणि टिंबं गाळून (Muller). यादीतल्या क्रमाचीही गंमत आहे. जर्मन शब्दकोशात टिंबवाला यू साध्या यूच्या जागी येतो, दूरध्वनी पुस्तिकेत यू-ईच्या. जुन्या हस्ताक्षरात साध्या यूवरही एक वक्र रेघ असते, ती एनपासून वेगळा ओळखू यावा म्हणून. ती टिंबं समजून वाचली की घोटाळा.

नागरी नोंदणी प्रशियात 1 ऑक्टोबर 1874 पासून आणि संपूर्ण जर्मन साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून. त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या वह्यांत. कॅथलिक वह्या बहुधा लॅटिनमध्ये, तिथे म्युलर 'मोलिटोर' होऊन बसलेला असतो. बाईच्या नावाला शेपूट लागतं, 'म्युलरिन'. ते वेगळं आडनाव नव्हे. आणि सर्वांत जास्त चुकणारी जागा ही: 'योहान श्मिट, म्युलर' असं लिहिलं असेल तर म्युलर हा धंदा आहे, आडनाव श्मिट. स्वल्पविराम नसला तर पुढच्या-मागच्या दहा नोंदी वाचून लिहिणाऱ्याची पद्धत आधी समजून घ्यायची.

पणजोबा खरोखरच चक्की चालवणारे निघाले, तर नाव सोडून चक्कीच्या मागे लाग म्हणावं. चक्क्यांना स्वतःची नावं असत, त्यांचे भाडेकरार जमीनदाराच्या दप्तरात उतरत, आणि जावयानं चक्की घेतली की कागदावर आडनाव बदललं तरी चक्की तीच राही. गावाचं नाव हाती आलं की मला कळव. वह्या कॅथलिक की प्रॉटेस्टंट, तिथून सुरुवात करू.

तुझा,
मित्र