छायाचित्रांचे संकेतस्थळ उभारणे सोपे व्हावे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उदगीरचा किल्ला, आसपासच्या बारवा आणि पडत चाललेले वाडे यांची सुमारे ४०० छायाचित्रे आमच्या वाचनालयाने जमवली आहेत. ती सर्वांना पाहता यावीत म्हणून एका व्यावसायिकाकडून संकेतस्थळ करून घेतले. वर्षभरात त्याने दुकान गुंडाळले, नूतनीकरणाचे पैसे कोठे भरायचे हे सांगायला कोणी उरले नाही आणि एके दिवशी संकेतस्थळ दिसेनासे झाले.

त्यानंतर आम्ही ‘स्टॅटिक’ संकेतस्थळाकडे वळलो. त्यात डेटाबेस नसतो, सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ जिथे ठेवले जाते त्या संगणकावर, प्रोग्रॅम चालत नाही. तयार पाने आणि छायाचित्रे यांचे एक फोल्डर एवढाच पसारा असल्याने ते उचलून दुसरीकडे ठेवता येते, गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेवर तर विनाशुल्क. अडचण आहे ती उभारणीची. आधी काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून दोन-तीन सॉफ्टवेअर बसवा, मग त्यांच्या आवृत्त्या जुळवा, यातच आमचे दोन रविवार गेले. शेवटी आमच्या संगणकावर नीट दिसणारी निम्मी छायाचित्रे इंटरनेटवर चढवताच गायब झाली. कारण क्षुल्लक निघाले : फाइलच्या नावाअखेरचे ‘जेपीजी’ कॅमेऱ्याने मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, पानात ते लहान अक्षरांत होते, आमच्या संगणकावरची विंडोज प्रणाली हा भेद मानत नाही, सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली मानते. हे वाचनालयाच्या ग्रंथपालाला कोणी सांगावे?

मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दरवर्षी विषय शोधले जातात (आणि हजेरीपटाचे तेच ते ॲप पुन्हा तयार होते). त्याऐवजी विद्यार्थ्यांनी असे साधन करावे, की ज्यात छायाचित्रांचे फोल्डर दाखवले आणि एक बटण दाबले की काम झाले. मोबाइलवरचे चार-पाच एमबीचे छायाचित्र त्याने आपोआप लहान करावे, कारण गिटहब पेजेसवर संकेतस्थळाला १ जीबीची मर्यादा आहे आणि आमची मूळ छायाचित्रेच त्याहून जड आहेत. नावे त्यानेच एकसारखी करावीत, मथळे साध्या मराठी मजकुराच्या फाइलमधून घ्यावेत. छायाचित्रात दडलेले जीपीएसचे स्थानही पुसावे. लोकांनी घरातील देव्हाऱ्यांची छायाचित्रे विश्वासाने दिली आहेत, त्यांच्या घराचा पत्ता जगाला कळण्याचे कारण नाही.

अशा साधनाच्या चाचणीसाठी आमची ४०० छायाचित्रे, मोठ्या अक्षरांतल्या नावांसह, देण्यास आम्ही तयार आहोत.

आपला,
एक वाचनालय कार्यकर्ता, उदगीर, जि. लातूर