तांबडी सुर्लची शांतता राखा, बुरूडकामाला जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी आईला घेऊन गोव्यातील तांबडी सुर्लच्या महादेवाच्या दर्शनाला गेले होते. देऊळ पाहून जितके समाधान लाभले, तितकाच तिथल्या गोंगाटाने जीव कासावीस झाला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अनमोड घाटाच्या पायथ्याशी, भगवान महावीर अभयारण्याच्या दाट रानात हे कदंबकालीन मंदिर सातशेहून अधिक वर्षे उभे आहे. त्याचा काळा बेसॉल्ट या परिसरातला नव्हे. तो घाटमाथ्यावरून खाली उतरवला असावा, असे अभ्यासक मानतात. मंडपातील एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलेला आहे. गुडघे दुखत असूनही आईने खाली वाकून तो कितीतरी वेळ न्याहाळला. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील असंख्य देवळे पाडली गेली, पण हे वाचले, कारण त्या काळी या रानात पोहोचणेच अवघड होते. म्हणजे इथली निबिडता आणि शांतता ही पर्यटकांची हौस नव्हे, देवळाची राखणदार आहे.

असे असताना पायऱ्यांखालच्या नदीत सहलीला आलेली काही मंडळी मोठ्याने स्पीकर लावून उतरली होती. मंडपात बसलेल्या भाविकांना स्वतःचा जपही ऐकू येईना. त्या मंडळींना हटकणारे तिथे कोणीच नव्हते.

परतताना बोळकर्ण्याच्या वाटेवर एका घराच्या ओसरीवर एक वृद्ध बाई सूप विणताना दिसल्या. मांडीवर गोणपाट ठेवून त्या बांबूची पट्टी कोयत्याने तासत होत्या; ती इतकी पातळ झाली की उन्हात धरल्यावर पलीकडच्या बोटांची सावली दिसू लागली, तेव्हा कुठे ती विणीत शिरली. मी दोन सुपे घेतली. त्या म्हणाल्या, "चवथीक खपतात गो बाये, मागीर कोण विचारता?" (गणेश चतुर्थीला खपतात, नंतर कोण विचारतं?) रस्त्यावरून दिवसभर गाड्या जातात, पण देवळाकडे धावणाऱ्या त्या गाड्यांना ही ओसरी दिसतच नाही.

२०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे तो तोडायला वन कायद्याची आडकाठी उरली नाही, आणि अभयारण्याला धक्का न लावता गावच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) आणि बांधांवर बांबू लावून या कारागिरांना कच्चा माल मिळू शकतो. अडचण आहे ती विक्रीची.

माझी विनंती एवढीच, की वाहने देवळापासून बरीच अलीकडे थांबवावीत, तिथून पुढे ध्वनिवर्धकास सक्त मनाई असावी, आणि त्या थांब्यावर प्लास्टिकच्या खेळण्यांऐवजी आसपासच्या गावांतील सूप, रोवळी, परडी विणणाऱ्यांना बिनभाड्याची जागा द्यावी. महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी लोटते. निदान त्याआधी ही व्यवस्था व्हावी.

आपली नम्र,
एक वाचक, फोंडा