सुलू, ती पाती धुतली होतीस का?

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुलू,

दिवाळी उलटून गेली तरी पत्र नाही, रागावली असशील. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो एवढंच. पण जे झालंय ते घरात कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुलाच.

आपल्या टेकाडावरच्या उत्खननातली ती मधाळ रंगाची कॅल्सेडनी दगडाची पाती, जिच्या डबीवर तू थर लिहिला होतास, सरांनी मायक्रोस्कोपखाली घ्यायला लावली. पोलराइज्ड उजेडात स्टेज फिरवली आणि धारेपाशी एक चमकता कण उमटला, त्यावर काळी फुली, मग दुसरा. स्टार्च! सर म्हणाले, वरई. ७००० वर्षांपूर्वीची वरई. आता लेखाची घाई चाललीय आणि मला झोप नाही.

कण बहुकोनी, केंद्र मधोमध. वरईचे तसे, बाजरी-ज्वारीचे तसे आणि मक्याचेही तसेच! आकाराने वेगळे म्हणावेत तर लहानमोठे एकमेकांत मिसळतात. बाजरी-ज्वारी आफ्रिकेतून खूप नंतर आली, मका तर अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळात. मग मका त्या पात्यावर कसा? अगं, पावडरवाल्या हातमोज्यांतून! ती पावडर मक्याच्याच स्टार्चची असते, आणि आमच्या खोलीत त्याच मोज्यांची खोकी रचलेली आहेत. मी काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब घेऊन ती रात्रभर टेबलावर उघडी ठेवली. सकाळी तिच्यावरही फुल्या. सर म्हणाले, "हवेत थोडंफार असतंच." असतंच, तेच तर मी सांगतेय! शिवाय पात्याच्या पाठीवर, जिथून काहीच कापलं जात नाही, तिथेही तेवढेच कण. धारेवर झिजेची चकाकी नावालाही नाही. हे वरईवाल्या बाईचं हत्यार म्हणून छापायचं? मी माझं नाव घालू देणार नाही.

आणि जशीबा आठवते ना? आपण माती चाळायचो त्या चाळणीच्या पलीकडेच तिची परात, बाजरीचं पीठ, वरून तो वारा. तेच पीठ पातीवर उडालं नसेल कशावरून? तिच्या कुत्र्याने तुझी चप्पल पळवली तेव्हा तू अर्धं शेत धावलीस, अजून हसू येतं.

आता खरं सांग. नंबर घालण्याआधी तू पाती ब्रशने घासायचीस आणि मी बादली ओढून घ्यायची. त्यावरून झालेला अबोला राहू दे बाजूला. ही पाती धुतली होती का? कुठल्या पाण्याने? कापसात गुंडाळली की कागदात?

दुसरं, आईंच्या ट्रंकेत त्या थराच्या मातीच्या पिशव्या आहेत ना? त्या मातीतही असेच कण निघाले तर पात्याचं काही खरं नाही. माती कोरी निघाली तरी आधी मोजे बदलून, काचसामान सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणातून काढून दुसरी पाती बघेन. तोवर सरांना थांबवते, काय बोलायचं ते बोलू देत.

नवं घर लागलं का? चिरंजीवांची दहावी, त्याला माझे आशीर्वाद. यशवंतरावांना नमस्कार.

पिशव्या कुरिअरने लगेच पाठव. गाठ सोडू नकोस, आणि स्वयंपाकघरात तर मुळीच ठेवू नकोस.

तुझी,
मंदा