घराच्या पूरविम्यावरचा 18 टक्के जीएसटी काढा : सांगलीहून अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

मी सांगलीच्या गावभागात राहते. पावसाळ्यात इथे सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवरच्या या पुलाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2005 साली पाणी आले तेव्हा जुनी माणसे म्हणाली, असा पूर आता परत यायचा नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले. दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, परत आले.

2019 ला आमच्या जिन्याच्या नऊ पायऱ्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर दार ढकलले तर उघडेना, आत फ्रीज तरंगत येऊन दाराला आडवा पडला होता. तांदळाच्या डब्यात गाळ. गाद्या पाणी पिऊन एवढ्या जड झाल्या की चौघांना उचलल्या जाईनात. आयुष्यभराची बिले आणि कागदपत्रे कपाटात होती, त्यांचा लगदा झाला. तेव्हा विमा नव्हता, सगळे पदरचे गेले. म्हणून नंतर घराचा विमा उतरवला.

2021 ला सरकारने घरटी 10,000 रुपये सानुग्रह अनुदान दिले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तेवढ्यात घराचे वायरिंगही होत नाही. दारे, रंग, वायरिंग झाले ते विम्याच्या पैशांतून. क्लेम मिळायला वेळ लागला, पण मिळाला, आणि कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

त्यानंतर मात्र दर नूतनीकरणाला हप्ता चढतोच आहे. विचारले की उत्तर ठरलेले, "तुमचा भाग पूरप्रवण आहे." आमच्या गल्लीत दोन घरांनी विमा सोडून दिला. घर विकून उंचावर जा म्हणणारेही भेटतात. पुराच्या घराला गिऱ्हाईक कुठून आणायचे?

यात आपल्या हातातली एक गोष्ट आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा जीएसटीमुक्त झाले. फार चांगला निर्णय. घराच्या विम्यावर मात्र 18 टक्के तसाच राहिला. हप्ता 10,000 असेल तर वर 1,800 रुपये. कंपनीने जोखीम जास्त म्हणून हप्ता वाढवला की करही आपोआप वाढतो. म्हणजे ज्याच्या घरात पाणी जास्त, त्याला कर जास्त. महोदया, हा अन्याय आहे. आजारपणासाठी केलेली तरतूद ही चैन नाही हे आपण मान्य केलेत. छपरासाठी केलेली तरतूद तरी चैन कशी?

दुसरी विनंती मोठी आहे, पण अशक्य नाही. अमेरिकेतल्या 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी, दहशतवादाच्या जोखमीतून अंग काढून घेतले. तेव्हा आपल्या विमा कंपन्यांनी 2002 मध्ये मिळून सामायिक निधी उभा केला. त्याचा कारभार जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी पाहते. एकट्यादुकट्या कंपनीला न झेपणारी जोखीम सगळ्यांनी मिळून वाटून घेतली. घरांच्या पुरासाठी असा निधी का नको? फ्रान्समध्ये 1982 पासून घराच्या प्रत्येक विम्यावर नैसर्गिक आपत्तीसाठी एकाच दराने अधिभार घेतात, मग घर नदीकाठी असो वा टेकडीवर. चिपळूण, कोल्हापूर, सांगली इथल्या घरमालकांना एकट्याने ओझे उचलायला लावण्यापेक्षा हे कितीतरी न्याय्य.

जीएसटी परिषदेच्या अध्यक्ष आपणच आहात. पुढच्या बैठकीत राहत्या घराच्या विम्याचा विषय घ्यावा. माझी पॉलिसी जूनअखेर संपते, पाणी चढायला लागते त्याच्या जरा आधी. पैसे मी भरणारच आहे. शेजारच्या त्या दोन घरांनाही परत भरता यावेत, म्हणून हे पत्र.

आपली नम्र,
गावभागातील एक घरमालकीण, सांगली