नावडती

दर्यापूर तालुका
रविवार, रात्र

प्रिय शमुवेल,

प्रभूमध्ये सलाम.

निघताना ओट्यावर तू आईला लूक १४:२६ ऐकवलंस. बाप, आई, बायको, मुलं, भाऊबहिणी यांचा द्वेष केल्यावाचून शिष्य होता येत नाही. एसटी वळली तरी ती तिथंच उभी. आता रात्री विचारते, "त्याले माह्या खरंच राग येते का हो?" फोनचं मी काही म्हणणार नाही, तुझं तू बघ. वचनाबद्दल मात्र बोलतो.

एकटी ओवी उचलू नको. आधी मत्तय १०:३७ शेजारी ठेव. तेच बोलणं तिथं 'माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती' असं आलंय. मग उत्पत्ती २९ काढ. तिसाव्या ओवीत याकोबाच्या दोन बायका, त्याची लेआपेक्षा राहेलीवर जास्त प्रीती, आणि लगेच एकतिसावीत लेआसाठी जो इब्री शब्द आहे तो द्वेषाचाच. त्यानं काही तिला हाकललं नाही, तिच्यापासून त्याला सहा मुलगे झाले. आपल्याकडे आवडती-नावडती म्हणतात, तसं. निवडायची वेळ आली की मागं राहते ती नावडती. यादीच्या शेवटी 'आणि आपल्या जिवाचाही' आहे, ते तू ऐकवलं नाहीस. जिवाचा द्वेष म्हणजे काय उपाशी मरायचं? (जेवतोस ना वेळेवर?)

मार्क ७ सुद्धा पाहा. तुम्हाला द्यायचं ते 'कर्बान', देवाला वाहिलं, असं सांगून आईबापांपुढे हात आखडणाऱ्यांना येशूनं तिथं झाडलंय. वधस्तंभावरूनही त्यानं आईला शिष्याच्या हवाली केलं, योहान १९. तुला तर नुसता एक फोन... असो, म्हणणार नव्हतो.

आता दुसऱ्या बाजूची चूक, कठीण वचन घासून गुळगुळीत करायची. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे वचन घे. यरुशलेमेत 'सुई' नावाचा बुटका दरवाजा होता, उंट ओझं उतरवून गुडघ्यांवर आत जाई, हे प्रवचनांतून अजून ऐकू येतं. येशूच्या काळातल्या अशा दरवाजाचा काही पुरावा नाही. आणि दरवाजाच असता तर 'मग तारण कोणाचं होणार?' म्हणून शिष्य थक्क कशाला झाले असते? सुई म्हणजे गोधडी शिवायची सुई. 'माणसांना हे अशक्य' हे पुढचं बोलणं तिच्यावरच उभं आहे. म्हणून नावडती म्हटलं की झालं, असंही समजू नको. लेआला ते हलकं नव्हतं. पहिला मुलगा झाल्यावर 'आता तरी नवरा प्रीती करील' म्हणाली बिचारी. लूकमध्ये दोनच ओव्यांनी येशू, बुरूज बांधणारा आधी खर्च मोजतो तसा, शिष्य होण्याचा खर्च मोजायला सांगतो.

भाषणच झालं, माफ कर. 'अंजिराचा हंगामच नव्हता तर येशूनं झाडाला शाप का दिला?' म्हणून संडेस्कूलात शिक्षकांना घाम फोडणारा तूच. पाळकसाहेब अजून चारचौघांत सांगतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो, पण ऐकतो.

एक ठिकाण मला सुटत नाही. १ राजे १९. अलीशा बारा जोड्यांनी नांगरत होता, बाराव्या जोडीवर स्वतः. एलीया संदेष्ट्यानं आपल्यामागं बोलावायला त्याच्या अंगावर झगा टाकला तेव्हा म्हणाला, आईबापांचा मुका घेऊन येतो. एलीयानं अडवलं नाही. अलीशानं ते बैल औताच्याच लाकडांवर शिजवून लोकांना जेवू घातलं आणि मग गेला. हेच तुला लिहून धाडायचं होतं. पण लूक ९:६१ मध्ये एकानं तेवढंच मागितलं, घरच्यांचा निरोप, आणि येशूनं त्याला नांगराचं उत्तर दिलं: नांगराला हात घालून मागं बघणारा देवाच्या राज्याला योग्य नाही. मागं बघत औत हाकलं की तास वाकडं जातं, हे तुला काय सांगू. माझा अलीशा तिथं चालत नाही. त्या ओवीत जाणारा तू, आणि मागं बघायला लावणारा मी. पाच वेळा वाचलं, यावर मला बोलता येत नाही.

तुरीला शेंगा धरल्या. कापसाची दुसरी वेचणी उद्यापासून. आई बारा ते दोन घरी असते, फोन उशाशी घेऊनच पडते.

तुझा बाप